घरगुती कारण

१२ फेब्रुवारी

ताई,

नुसतं ‘ताई’ लिहून थांबले आहे. ‘तीर्थरूप’ लिहावं तर तू म्हणशील, मला म्हातारी केलीस. ‘प्रिय’ लिहावं तर म्हणशील, आता कशाला लाडीगोडी. तेव्हा मायना राहू दे.

फोन तू उचलत नाहीस. म्हणजे तो वाजतो, तू नाव बघतेस आणि पालथा घालून ठेवतेस, हे मला तुझ्या लेकीकडून कळलं. तिला रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. पत्राचं बरं असतं, ते वाजत नाही. आणि पाकीट फोडल्याशिवाय तुला चैन पडत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या नावची पत्रंसुद्धा तूच आधी फोडायचीस.

सहज लिहिते आहे. इकडे सगळं ठीक. गुडघेदुखीच्या गोळीचं काम आता संपत आलं. तू होतीस त्यात, तुला ठाऊक आहे, पण भाऊजींनी विचारलं तर सांगायला म्हणून पुन्हा लिहिते. चारशे माणसं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली हे घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्याला नाही, मलाही नाही. माझ्यापुढे नुसते नंबर येतात आणि ‘अ’ गट, ‘ब’ गट. दुखणं किती कमी झालं ते मोजायचं आणि दोन्ही गट शेजारी शेजारी ठेवून बघायचे, हे माझं काम. जुनी औषधं सगळ्यांनाच बंद करायला लावली होती, आणि फारच दुखलं तर घ्यायला म्हणून प्रत्येकाला जादा गोळ्यांची एक डबी दिली होती. तुलाही दिली होती. सगळं नियमाप्रमाणे झालं.

निकाल चांगला आहे. शेवटपर्यंत राहिलेली ‘अ’ गटातली माणसं, खरी गोळी त्यांचीच असणार, कठडा न धरता जिना चढायला लागली आहेत. मोठे डॉक्टर, म्हणजे ज्यांची ही चाचणी, ते इतके खूश आहेत की परवा त्यांनी मला स्वतः चहा आणून दिला. मी इथे लागल्यापासून पहिल्यांदाच. पुढच्या महिन्यात अहवाल समितीपुढे जाईल, आणि समितीने मान डोलावली की गोळी दुकानात.

एक बारीकशी अडचण आहे. चारशेतली नव्वदएक माणसं मधूनच सोडून गेली. त्यांचं काय करायचं? मोठे डॉक्टर म्हणतात, “जे घरगुती कारणाने गेले त्यांचा गोळीशी काय संबंध? त्यांना बाजूला ठेवा, राहिले त्यांचं बघा.” मलाही ते पटतं. हिशोब सुटसुटीत होतो.

तू त्या नव्वदांतली एक. तू म्हणाली होतीस, घरी पाहुणे आहेत. मी बरं म्हटलं. आता सहज विचारते, ताई, कोण आलं होतं गं?

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती असं लिहिणार होते, पण खोटं कशाला. रोज घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी पत्रपेटी उघडते.

कामाचंच लिहिते. मला दुसरं येतंय काय?

सोडून गेलेल्यांना फोन करायचं काम आमच्याकडे एका नर्सकडे आहे. दिवसभर फोनवर बोलते म्हणून सगळे तिला मैना म्हणतात. तिच्यापुढे कारणांची एक छापील रांग असते, त्यातल्या एकावर खूण करायची. ती रांग मी लावली आहे. पहिलं कारण ‘घरगुती’. ते पहिलं ठेवलं, कारण मला वाटलं माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये, जाणाऱ्याला हसतमुखाने जाऊ द्यावं. आपल्या आईने हेच शिकवलं ना, कुणी ‘नको’ म्हणालं की ‘का’ विचारायचं नाही.

मैनेला विचारलं, लोक काय काय सांगतात? ती म्हणाली, “मॅडम, माणसं इतकी गोड बोलतात हो! गोळी छान आहे, तुम्ही किती करता आमच्यासाठी, पण काय करणार, लेकीचं बाळंतपण आलंय. मग मी कशाला उकरून काढू? करते खूण. एका आजोबांनी तर लेकीचं बाळंतपण सांगितलं, आणि जरा वेळाने बोलता बोलता म्हणाले, मला तिन्ही मुलगेच.”

ती हसली. मीही हसले. मग जागेवर येऊन बसले आणि हसू गेलं.

ताई, ‘अ’ गटात घरगुती कारणाने गेलेली माणसं ‘ब’ गटाच्या जवळजवळ तिप्पट आहेत. चिठ्ठ्या टाकून केलेले गट गं! एकीकडे जितकी लग्नं, बाळंतपणं, पाहुणे, साधारण तितकीच दुसरीकडे असायला हवीत. पाहुण्यांना काय कळतं, कोण कुठली गोळी खातंय ते? नेमके ‘अ’ गटाच्याच दाराशी येऊन उभे राहतात?

बाबांच्या शाळेत एक हेडमास्तर होते आठवतात? परीक्षेआधीच कच्ची मुलं घरी बसवायची आणि मग निकाल शंभर टक्के म्हणून फळ्यावर रंगीत खडूने लिहायचं. बाबा त्यांना चाळणीवाले म्हणायचे. मी आता तेच करते आहे. ज्यांना गोळी सोसली ते राहिले, ज्यांना नाही सोसली ते गेले, आणि राहिलेल्यांना गोळा करून मी विचारते आहे, काय, गोळी सोसली ना?

गेले मोठ्या डॉक्टरांकडे. म्हटलं, “सर, ज्याला ज्या गटात घातलं त्याला त्याच गटात मोजायचं, तो राहो की जावो, असं आपणच आराखड्यात लिहिलंय.”

“लिहिलंय. पण कारण गोळीबाहेरचं असेल तर वेगळं काढता येईल, असंही खाली लिहिलंय. ते कुणी लिहिलं?”

मी लिहिलं होतं.

“समोर आहे ते मोजा,” ते म्हणाले. “लोकांच्या मनात शिरायचं काम आपलं नाही.”

ते वाईट नाहीत गं. त्यांची आई भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाते, अर्ध्या वाटेत बसते, पुन्हा उठते. मी बघितलंय ते. या गोळीमागे त्या माणसाने केस पांढरे केले आहेत. मी “बरं” म्हटलं आणि बाहेर आले. मला ‘बरं’ म्हणता येतं हे तुला खरं वाटणार नाही. तुझ्याशी बोलताना ही नरमाई कुठे जाते कोण जाणे.

पण तू सोडलंस त्याचं कारण काय, हे एकदा कळलं तर बरं होईल. मला धीर येईल.

धाकटी


२ मार्च

ताई,

काल तुझ्या लेकीशी बोलले. लिहायला बसले आहे पण मन थाऱ्यावर नाही, तेव्हा जसं घडलं तसंच लिहिते.

मोठ्या डॉक्टरांना न विचारता मी मैनेला गेलेल्या माणसांना पुन्हा फोन करायला लावलं. प्रश्न बदलला. ‘का सोडलंत’ असं विचारायचंच नाही. गोळी चालू असताना चक्कर आली का, कुठे पडलात का, दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं का, एवढंच. आणि लोक सांगायला लागले. एक निवृत्त ड्रायव्हर म्हणाले, “बाई, मी भिंत धरून चालायचो. पण तुम्ही इतक्या आपुलकीने चौकशी करायचात, तुम्हाला कशाला वाईट वाटायला लावू?” एक बाई आंघोळीला गेल्या त्या पडल्याच, कपाळाला टाके घातले. त्यांच्या नावापुढे काय लिहिलं होतं? नातवाची परीक्षा. मैना रडकुंडीला आली. “मॅडम, या खुणा मीच केल्या हो.” तिला म्हटलं, रांग मी लावली होती.

मग तीच म्हणाली, “एक बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पाहुणेच होते म्हणाल्या. मी विचारलं, पडलात का? मग म्हणाल्या, तुमच्या मॅडमना सांगा, पाहुणेच होते. तुम्हाला ओळखतात का त्या?”

मी म्हटलं, “नाही.”

इथे कुणालाच माहीत नाही, ताई. नात्यातलं माणूस चाचणीत घ्यायचं तर आधी सांगावं लागतं. मी सांगितलं नाही. तुझं आडनाव वेगळं, कुणी विचारलं नाही, आणि तेव्हा माणसं मिळवायची घाई होती. तुझ्या गुडघ्यांसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. थोडं त्यासाठीही होतं, अगदीच नव्हतं असं नाही. पण तोंडावर विचारल्यावर मी तुला ओळखत नाही म्हणाले, आणि इतक्या पटकन म्हणाले की मलाच माझी भीती वाटली.

म्हणून संध्याकाळी तुझ्या लेकीला फोन केला. ती आधी टाळत होती. मग एकदम म्हणाली, “मावशी, आईचा हात मोडला होता. तुला खरंच माहीत नाही?”

जिन्यात पडलीस म्हणे. वरून तिसऱ्या पायरीवर तोल गेला आणि हात अंगाखाली घेऊन खाली आलीस. मनगट दोन ठिकाणी. “आम्हाला सगळ्यांना शपथ घातली होती,” ती म्हणाली. “धाकटीला कळलं तर तिच्या गोळीला बट्टा लागेल म्हणाली.”

तिच्या गोळीला! मी काय ती गोळी जन्माला घातली होती?

म्हणजे त्या दिवशी आमच्या दवाखान्यात लिफ्टसमोर तू शाल लपेटून उभी होतीस तेव्हा शालीखाली प्लास्टर होतं. जादा गोळ्यांची डबी परत करायला आली होतीस. डाव्या हाताने पुढे केलीस, आणि मी म्हटलं, “नीट दोन हातांनी तरी दे.” मग बाकीचं म्हटलं. बाकावर बसलेल्या सगळ्या अनोळखी माणसांसमोर म्हटलं. जन्माची धरसोड तुझी, आयुष्यात एक तरी गोष्ट तडीस नेलीस का, तुझ्यामुळे माझी मान खाली गेली. तू ऐकून घेतलंस. म्हणालीस, “घरी पाहुणे आहेत गं, निघते.” त्याला वर्ष होऊन गेलं.

काल रात्री पडल्या पडल्या तुझी धरसोड मोजत होते. गाण्याची शिकवणी सोडलीस, त्या वर्षी मला विषमज्वर झाला होता आणि आई एकटी होती. स्वेटर बिनबाह्यांचा राहिला, कारण मी सहलीला जायचं म्हणून तसाच घालून पळाले आणि तो परत दिलाच नाही. कॉलेज सोडलंस ते लिहीत नाही, ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. बुद्धिबळ मात्र तू हरायला लागलीस म्हणून सोडलंस, त्याचा दोष मी घेणार नाही.

प्रत्येक वेळी घरचे विचारायचे तेव्हा तू काहीतरी सांगायचीस आणि आम्ही ते खरं धरायचो. मी नंतर त्या सगळ्यावर एकच शब्द लिहून टाकला.

धाकटी


६ मार्च

ताई,

उद्या समिती आहे. हे पत्र तुला त्याआधी मिळणार नाही हे कळतं मला. तरी लिहिते.

मैना तुला आणखी एकदा फोन करेल. मी तिला काही सांगितलेलं नाही, सगळ्यांनाच ती शेवटचं एकदा विचारते आहे. या वेळी खरं सांग. माझ्यासाठी नको. मला वाचवायला म्हणून तर तू आत्तापर्यंत पाहुणे सांगत आलीस, आणि त्यामुळे मी वाचले वगैरे काही नाही. अहवाल असाच पुढे गेला तर ही गोळी घराघरात जाईल. तुझ्यासारख्या बायका ती घेतील, जिन्यात पडतील, आणि आमच्यासारख्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगतील की घरी कार्य आहे.

उद्या मी सांगणार आहे की तू माझी बहीण आहेस. आत्ता लिहिताना सोपं वाटतंय. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला की पहिलंच वाक्य विसरते. लहान असताना शाळेत भाषण करायचं असलं की तू पडद्यामागे उभी राहायचीस, म्हणून मला जमायचं. उद्या तिथे पडदाही नाही.

धाकटी


१५ मार्च

ताई,

सांगितलं.

लांब टेबल, सात माणसं, पाण्याचे ग्लास उपडे ठेवलेले. मोठ्या डॉक्टरांनी निकाल वाचला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता आकडे दाखवा. मी उभी राहिले आणि म्हटलं, हे आकडे शेवटपर्यंत राहिलेल्यांचे आहेत. गेलेल्यांना धरलं तर फायदा निम्म्याहून कमी होतो. आणि गेलेले घरगुती कारणाने गेलेले नाहीत, ते चक्कर येऊन गेलेत, ते आपल्याला बोलले नाहीत कारण आपण त्यांना खोटं बोलायची सोय करून दिली होती. ती सोय मी केली. शिवाय या चाचणीत माझी सख्खी बहीण होती आणि मी ते लपवलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, “शेवटचं वाक्य तुम्ही सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.” 

खरंच आहे. शेवटी ठेवलं, म्हणजे आधीच्या बोलण्याच्या गडबडीत ते हळूच निघून जाईल असं कुठेतरी वाटलं असणार.

मला या कामातून काढलं. बाहेरचा एक माणूस येऊन सगळं पहिल्यापासून मोजणार, जो ज्या गटात होता त्याला त्याच गटात धरून. मोठे डॉक्टर मला काही बोलले नाहीत. बैठक संपल्यावर फक्त म्हणाले, “आईला मी सांगून बसलोय, महिन्याभरात गोळी आणतो म्हणून.” त्यांनी ओरडायला हवं होतं. मला ओरडण्याची सवय आहे, गप्प बसलेल्या माणसापुढे काय करायचं ते मला तुझ्यापासूनच कळत नाही.

आणि मैना. बैठकीनंतर चार दिवसांनी ती माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. तोवर सगळीकडे झालं होतं. म्हणाली, “मॅडम, त्या बाई तुमच्या बहीण होत्या? मग ‘नाही’ असं का म्हणालात?” मी टेबलावरचे कागद सरळ करत बसले. तीच म्हणाली, “सकाळी त्यांनी स्वतःहून फोन केला होता. म्हणाल्या, लिहून घे पोरी, पाहुणे नव्हते. चक्कर येऊन जिन्यात पडले. हात मोडला. आणि म्हणाल्या, हे तुमच्या मॅडमनी सांगायला लावलं असं लिहू नका, मी माझ्या मनाने सांगते आहे.”

तुला पत्र मिळालं तर. तू वाचतेस तर.

ताई, तुझ्याजवळ काय लपवायचं, मैनेचं ते ऐकून मी रडले आणि मग मला फार हलकं वाटलं. वर्षभर जे छातीवर होतं ते उतरल्यासारखं. तुला गोळीने पाडलं, असं मी मोठ्याने म्हणून बघितलं. दोष द्यायला एक गोष्ट मिळाली, हातात धरता येईल एवढी, पांढरी, गोल. तू कुठल्या गटात होतीस ते मी बघितलं नव्हतं आणि आता मला बघताही येणार नाही. पण चक्कर, पडणं, याहून आणखी काय बघायचं?

तुझा हात आता कसा आहे? वळतो का पूर्ण?

धाकटी


२८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं भाचीचं. तुझ्या अक्षराचा डौल गेलाय. मग कळलं की ते मनगटामुळे.

चारच ओळी, पण मी त्या किती वेळा वाचल्या ते विचारू नकोस. भाऊजींना बरं आहे. हात बराचसा वळतो. दवाखान्यातून सगळ्यांना कळवलं त्यात तुलाही कळवलं, की तू ‘ब’ गटात होतीस. आणि मग तुझी शेवटची ओळ: “मला तर साधीच गोळी होती म्हणे, आत काही नसलेली. मग मला चक्कर कसली आली गं?”

तुला उत्तर माहीत नाही म्हणून विचारलंस, की मला माहीत आहे हे बघायला विचारलंस, हे मला ठरवता येत नाही. तू अशीच आहेस. लहानपणी माझ्या हातून साखरेचा डबा सांडला तेव्हाही तू मला विचारलं होतंस, मुंग्या कुठून आल्या गं?

सांगते.

तुझी जुनी औषधं आम्ही बंद केली. साध्या गोळीने दुखणं थांबणार नव्हतंच. त्यासाठी जादा गोळ्यांची डबी होती. लागेल तशी घ्या, संकोच करू नका, असं मी चारशे माणसांच्या माहितीपत्रात ठळक अक्षरात छापलं. आणि तुझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, तू दिलेला चहा पीत, मी तुला काय म्हटलं? “ताई, त्या डबीला शक्यतो हात लावू नकोस हं. जे सारख्या जादा गोळ्या घेतात ते आमचा निकाल बिघडवतात. तू माझी बहीण आहेस, तू तरी दम काढ.”

तू दम काढलास. तुझी लेक सांगते, तू रात्र रात्र पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसायचीस. झोप नाही, खाणं कमी, आणि आमच्याकडे आलीस की दुखणं किती म्हणून विचारलं तर “बरंय की, फरक आहे” म्हणायचीस. पाच आठवडे न झोपलेल्या माणसाला जिन्यात चक्कर यायला आत औषध असलेली गोळी लागत नाही.

लिफ्टसमोर तू डबी दिलीस तेव्हा ती भरलेली होती. हातात घेतली तशी जड लागली. आणि तुला शिव्या देता देताच, ताई, मनात कुठेतरी मला बरं वाटलं की हिने माझं ऐकलं.

हे मी आधीच्या सगळ्या पत्रांत लिहिलं नाही. पहिल्या पत्रात तर नियमाप्रमाणे सगळं झालं असं लिहिलं, आठवतं? ते वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता. मी नातं लपवल्याचं कबूल केलं, रांग लावल्याचं कबूल केलं, भर सभेत कबूल केलं, आणि सगळे मला खरी म्हणायला लागले तेव्हा हे एक तेवढं पदराखाली ठेवलं. गोळीवर ढकलता आलं असतं तर मी आनंदाने ढकललं असतं. पण गोळीत काही नव्हतंच.

तुझं पत्र आल्यावर त्या बाहेरच्या माणसाला जाऊन हे सांगितलं. त्याला तुझे आकडे कसे धरायचे ते पुन्हा ठरवावं लागणार, कारण तुझं ‘फरक आहे’ हे दुखण्याचं माप नव्हतं, ते माझ्यावरच्या मायेचं होतं. त्याने लिहून घेतलं. विचारलं, “असं आणखी कुणाला सांगितलं होतंत?”

“नाही, फक्त बहिणीला.”

“बहिणीलाच का?”

शांत माणूस आहे, टोमणा मारायला विचारलं नव्हतं. उत्तर मला रस्त्याने येताना सुचलं. बाकीच्यांना मी नियम सांगितला, कारण ती माणसं सोडून जातील अशी मला भीती होती. तू सोडून जाशील असं मला कधी वाटलंच नव्हतं. तुला जन्मभर धरसोड म्हणत आले आणि एवढं साधं लक्षात आलं नाही, की जी एक गोष्ट तू कधीच सोडली नाहीस तिच्यावर मी वाट्टेल ते ओझं ठेवत गेले.

गोळीचं म्हणशील तर समितीने ती आहे तशी द्यायला नाही म्हटलं. सगळ्यांना धरून मोजल्यावर फायदा उरला तो थोडाच, आणि पडणारी माणसं ‘अ’ गटात फार. निम्म्या मात्रेने पुन्हा बघणार आहेत. गंमत बघ, तुझं पडणं ‘ब’ गटात मोजलं गेलं, म्हणजे गोळीच्या बाजूनेच गेलं. तेही धरलं त्यांनी. धरायलाच हवं. मोठ्या डॉक्टरांनी नव्या आराखड्याचा कागद मैनेकडून माझ्या टेबलावर पाठवला होता, वर काही लिहिलं नव्हतं. मी कारणांच्या रांगेत पहिल्या जागी लिहिलं, ‘त्रास झाला’, आणि परत पाठवला. ‘घरगुती’ काढून टाकलं नाही, खरोखरची बाळंतपणंही असतात, पण शेवटी ढकललं, आणि खाली लिहिलं की यावर खूण करण्याआधी दोनदा विचारा.

मी येत्या रविवारी येते आहे. अकराच्या सुमारास. बोलवायची वाट बघितली तर आपण दोघीही म्हाताऱ्या होऊ.

दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. आतून सांग, राग आहे, जा. किंवा सांग, हात अजून दुखतो आणि तुझं तोंड बघितलं की जास्त दुखतो. मी ऐकून घेईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन. फक्त पाहुणे आहेत असं म्हणू नकोस, ताई. ते मी आता लिहून घेणार नाही.

धाकटी